तोक्योचा कोश आणि पवनाकाठची इंग्रजी

पिंपरीकडून पवनेचा पूल ओलांडून काळेवाडीत शिरले म्हणजे रस्त्याच्या दोन्ही अंगांना मंगल कार्यालये, हार्डवेअरची दुकाने, दवाखाने आणि गृहकर्ज मिळवून देणाऱ्यांच्या कचेऱ्या यांच्या पाट्यांची जी दाटी दिसते, तीत इंग्रजी संभाषण शिकविणाऱ्या वर्गाची एखादी पाटी सहसा चुकत नाही. वाडी हा शब्द जुन्या मुलकी दप्तरात मौज्याच्या आश्रयाने राहिलेल्या लहान वस्तीला लावीत. आणि पवनेच्या काठची ही वस्तीही नावाप्रमाणे वाडीच होती. पुढे 1954 साली नदीपलीकडे पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला, 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन होऊन आसपासच्या माळरानांचे भूखंड पडू लागले, 1970 साली नगरपालिका व 1982 साली महानगरपालिका झाली, आणि ज्या शेतांत ज्वारी-बाजरी होत असे ती गुंठ्या-गुंठ्याने विकली जाऊन तेथे मराठवाडा, खानदेश, विदर्भ व कोकण येथून आलेल्या कामगारांच्या खोल्या झाल्या. तापकीरनगर, नढेनगर, ज्योतिबानगर, विजयनगर ही नावे त्या वाढीचीच द्योतक आहेत.

या वस्तीत इंग्रजी भाषा आली ती शेक्सपिअर किंवा मेकॉले यांचे बोट धरून नव्हे. ती गेटपासावर, हजेरीच्या कार्डावर, यंत्रावर ठोकलेल्या पितळी पट्टीवर आणि निळ्या कागदावरील ड्रॉइंगवर स्वार होऊन आली, आणि येताक्षणीच मराठी क्रियापदांशी तिने सोयरीक जमविली. जॉब रिजेक्ट झाला, सेटिंग हलले, पहिल्या पाळीचे टार्गेट चुकले, ही भाषा येथील चहाच्या टपरीवर इतक्या सहजतेने बोलली जाते की बोलणाऱ्यास आपण परभाषेतील शब्द वापरीत आहोत याचे भानही नसते. परंतु याच माणसाला वरिष्ठांच्या सभेत उभे राहून एखाद्या बिघाडाची कारणमीमांसा चार सलग इंग्रजी वाक्यांत सांगावयास लावले, तर त्याची जीभ अडखळते. शब्द असून भाषा नाही, ही जी विलक्षण अवस्था, तिचा इतिहास काळेवाडीपेक्षा पुष्कळ जुना आहे. आणि त्या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा, सहसा कोणाच्या ध्यानात नसलेला, जपानातून आलेला आहे.

परक्या शब्दांचा हिशेब ठेवण्याची विद्या मराठी माणसाला इंग्रजांनी शिकविली असे समजण्याचे कारण नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेला राजव्यवहारकोश हा फारसी दफ्तरी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा ग्रंथ होय, आणि त्याच्या मागची दृष्टी राजकर्त्याची होती. इंग्रजी अमलात मात्र कोशाचे प्रयोजन पालटले. आधी साहेबाला मराठी यावयास हवी होती. मुंबई सरकारच्या पलटणीतील जेम्स मोल्सवर्थ याने आपल्या साहाय्यकांसह व पंडितांसह सिद्ध केलेला मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला आणि 1857 सालच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने सुमारे साठ हजार शब्दांची मजल गाठली. त्याच मोल्सवर्थने आरंभिलेला आणि टॉमस कँडी याने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश 1847 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा कोठे उलट दिशेची वाट, म्हणजे एतद्देशीयाने इंग्रजीत शिरण्याची वाट, खऱ्या अर्थाने मोकळी झाली. त्यापूर्वी 1832 साली बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले, त्यात एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभात मराठी अशी मांडणी होती. ज्याला इंग्रजी शिकावयाची आहे त्याने डोळा एका स्तंभावरून दुसऱ्यावर न्यावा आणि शब्द उचलावा, अशी ती योजना. शब्द एकटा न येता वाक्यातून, प्रसंगातून आणि वादातून यावा, ही दृष्टी त्या जेमतेम विशीतल्या तरुणाच्या पत्रात होती, हे आज आठवले म्हणजे पुढे आपण किती मागे गेलो याचे आश्चर्य वाटते.

मागे गेलो ते परीक्षांमुळे. विद्यापीठाची प्रवेश परीक्षा व सरकारी नोकरी यांची सांगड पडल्यावर इंग्रजी ही वाघिणीचे दूध म्हणून गौरविली गेली खरी, पण ते दूध प्रत्यक्षात वहीच्या तीन रकान्यांतून मोजून दिले जाऊ लागले: शब्द, उच्चार, अर्थ. गो, वेन्ट, गॉन. ब्रिंग, ब्रॉट, ब्रॉट, हे आपल्या शाळांतील सामुदायिक पठण कित्येक पिढ्यांनी ऐकलेले आहे. या घोकंपट्टीच्या काळात तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी घरांवर जे उपकार केले ते मोठे आहेत. पाठाच्या आरंभी शब्द, आणि लगेच त्या शब्दांना कामाला लावणारी भाषांतराची वाक्ये, अशी तिची रचना असल्यामुळे निदान शब्द वाक्यात उभा करून पाहण्याची शिस्त तरी विद्यार्थ्याला लागे. ती पाठमाला आजही छापली जाते व विकली जाते, आणि तिची थट्टा करणाऱ्या पुष्कळांची इंग्रजी तिच्याच पायावर उभी आहे.

आता जपानकडे वळू. कमोडोर पेरीची जहाजे 1853 साली एदोच्या उपसागरात आली, तेव्हा त्यांस सामोरा गेलेला दुभाषी होरी तात्सुनोसुके याने आपणास डच बोलता येते हे वाक्य इंग्रजीत सांगितले, अशी कथा प्रसिद्ध आहे. आणि या एका वाक्यात त्या देशाची तत्कालीन भाषिक स्थिती सामावलेली आहे. दोन शतके पाश्चात्त्य विद्येची एकमेव खिडकी डच भाषा होती. ओसाकातील ओगाता यांच्या पाठशाळेत डच-जपानी कोशाची एकच हस्तलिखित प्रत एका स्वतंत्र खोलीत ठेवलेली असे आणि परीक्षेच्या आधल्या रात्री विद्यार्थ्यांची तिच्याभोवती झुंबड उडे. त्याच पाठशाळेतून बाहेर पडलेला फुकुझावा युकिची 1859 साली नुकत्याच खुल्या झालेल्या योकोहामा बंदरात गेला, तेव्हा तेथील दुकानांवरच्या पाट्या त्याला वाचता येईनात. इतक्या कष्टाने मिळविलेली डच विद्या बाजारात चालत नाही असे पाहून तो निराश झाला, आणि लागलीच इंग्रजीच्या मागे लागला. पुढच्याच वर्षी त्याने चिनी-इंग्रजी शब्दसंग्रहाची जपानी आवृत्ती काढली. 1862 साली होरीच्या देखरेखीखाली इंग्रजी-जपानी कोश निघाला. म्हणजे ज्या वर्षी जपान्यांच्या हाती इंग्रजीचा पहिला कामचलाऊ कोश पडला, त्या वर्षी आमच्याकडे कँडीचा कोश पंधरा वर्षांचा झाला होता. आरंभ आपला आधीचा होता, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यापेक्षा विचाराने पाहण्यासारखी आहे.

कारण त्यानंतरच्या साठ-सत्तर वर्षांत जपानात या विषयाकडे जितक्या बारकाईने पाहिले गेले तितके आपल्याकडे पाहिले गेले नाही. घोकंपट्टी तिकडेही होती आणि आमच्याहून कडक होती. ओबुन्शा या प्रकाशनसंस्थेचे संस्थापक आकाओ योशिओ यांनी 1935 साली मुठीत मावेल असे एक शब्दपुस्तक काढले; त्याला विद्यार्थी लाडाने मामेतान, म्हणजे दाण्याएवढे शब्दपुस्तक, म्हणू लागले, आणि प्रवेश परीक्षेस बसणारांच्या कित्येक पिढ्या त्यावर पोसल्या गेल्या. वर्णानुक्रमातला त्यातील पहिला शब्द ‘अबँडन’ असल्यामुळे तो एक शब्द तेवढा सर्वांस पक्का येई आणि पुढे बहुतेकांकडून शब्दाच्या अर्थाप्रमाणेच अभ्यासाचे विसर्जन होई, असा विनोद तिकडे प्रचलित आहे. पाठ झालेले पान फाडून खाण्याची आख्यायिकाही जपानी विद्यार्थ्यांविषयी सांगतात. आमच्याकडे पान खाल्ल्याचे ऐकिवात नाही, पण ‘ए’ या अक्षरातच गतप्राण झालेल्या शब्दसंग्रहाच्या वह्या महाराष्ट्रात किती माळ्यांवर पडल्या असतील, याची गणती कोण करणार!

परंतु घोकंपट्टीच्या या प्रवाहाला आडवा जाणारा दुसरा प्रवाह तेथे उभा राहिला, आणि त्याचा मूळ पुरुष साइतो हिदेसाबुरो हा होय. 1866 साली जन्मलेल्या या शिक्षकाने तोक्योत स्वतःची इंग्रजी शाळा काढली आणि 1915 साली जो इंग्रजी-जपानी कोश प्रसिद्ध केला त्यात त्याने भर दिला तो अवघड, लांबलचक शब्दांवर नव्हे, तर अत्यंत क्षुल्लक वाटणाऱ्या क्रियापदांवर, शब्दयोगी अव्ययांवर व त्यांच्यापासून बनणाऱ्या वाक्प्रचारांवर. परभाषेत प्रौढ होणे म्हणजे मोठे शब्द कमावणे नव्हे, तर लहान शब्द कोणाच्या पंगतीस बसतात ते ओळखणे होय, हा त्याचा सिद्धांत. आम्हा मराठी भाषकांना हे निराळे पटवून द्यावयास नको. चहा कडक असतो आणि थंडी कडाक्याची. पाऊस मुसळधार असतो, पण घाम मुसळधार येत नाही, तो दरदरून येतो. व्याकरणाने यांतील कशालाही मनाई केलेली नाही. तरीही चुकणाऱ्यास आपण तत्काळ परका म्हणून ओळखतो.

1922 साली जपानच्या शिक्षण खात्याने हॅरॉल्ड पामर या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाला सल्लागार म्हणून पाचारण केले आणि पुढील वर्षी तोक्योत इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनासाठी एक संस्था स्थापन झाली. पामरने वर्गात कानाला व जिभेला अग्रस्थान देणारी पद्धत रूढ करण्याची खटपट केली. ती परीक्षांच्या भिंतीवर आपटून पुष्कळशी निष्फळ झाली. मात्र त्याच्या संस्थेने शब्दांच्या संगतीचे जे टिपण सुरू केले आणि 1933 साली त्याचा जो अहवाल छापला, तो आधुनिक कोशविद्येच्या पायातील एक दगड ठरला. त्याच सुमारास तेव्हाच्या अखंड हिंदुस्थानात, ढाक्याच्या शिक्षक महाविद्यालयात, मायकेल वेस्ट हा इंग्रज शिक्षणाधिकारी बंगाली मुलांची वाचनपुस्तके पाहत होता आणि विरळा येणाऱ्या शब्दांच्या ओझ्याखाली मुले वाकून जातात, ज्याची नित्य गरज तो शब्द मात्र त्यांना येत नाही, असे त्यास आढळून आले. 1935 साली त्याने जो कोश केला त्यात 1,490 शब्दांच्या साहाय्याने सुमारे चोवीस हजार शब्द व वाक्प्रचार समजावून सांगितले आहेत. तोक्योचा पामर व ढाक्याचा अनुभव गाठीशी असलेला वेस्ट 1934 साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या परिषदेत एकत्र बसले, आणि त्या विचारविनिमयातून वाढत जाऊन 1953 साली सुमारे दोन हजार नित्योपयोगी इंग्रजी शब्दांची ती यादी प्रसिद्ध झाली, जिच्यावर जगभरची पाठ्यपुस्तके पुढे रचली गेली. इंग्रजी कोणी कशी शिकावी याचे शास्त्र असे इंग्लंडात न जन्मता जपानी व बंगाली मुलांच्या चुकांतून जन्मले, ही गोष्ट इंग्रजीच्या इतिहासात जितक्या ठळकपणे सांगितली जावयास हवी तितकी सांगितली जात नाही.

वेस्टची यादी ही तळमजल्याची सोय झाली. वरच्या मजल्याचे काम ए. एस. हॉर्नबी याने केले. हा गृहस्थ 1924 साली क्यूशू बेटावरील ओइता येथील वाणिज्य विद्यालयात शिक्षक म्हणून आला, पामरच्या कार्यात सामील झाला, आणि 1936 साली पामर मायदेशी परतल्यावर त्याने संशोधनाची सूत्रे हाती घेतली. गेटनबी व वेकफील्ड या दोन सहकाऱ्यांसह त्याने जो कोश रचावयास घेतला तो इंग्रजांसाठी नव्हता. ज्याला शब्दाचा अर्थ ठाऊक आहे पण तो शब्द वाक्यात बसविता येत नाही, अशा वरच्या पायरीवरील जपानी विद्यार्थ्यासाठी होता. म्हणून त्यात क्रियापदांच्या पंचवीस रचना क्रमांक घालून मांडल्या. कोणत्या क्रियापदामागे कोणती रचना चालते आणि कोणती चालत नाही हे प्रत्येक ठिकाणी दर्शविले. आणि कोणते नाम मोजता येते, कोणते येत नाही, हे अक्षर घालून सांगितले. इंग्रज माणसाला यांपैकी एकाही सूचनेची गरज नाही, म्हणूनच इंग्लंडात झालेल्या आधीच्या कोशांत ती नव्हती. तोक्योच्या काइताकुशा या प्रकाशकाने 1942 साली हा ग्रंथ छापून काढला, तेव्हा पर्ल हार्बरचा हल्ला होऊन गेला होता आणि ग्रंथकर्ता स्वतः जपान सरकारच्या लेखी शत्रुराष्ट्राचा प्रजाजन ठरला होता. युद्ध संपल्यावर, 1948 साली, ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने त्याच जपानी आवृत्तीच्या पानांची छायाचित्रे घेऊन तो पुन्हा छापला, पुढे त्याच्या नावात प्रगत विद्यार्थ्याचा उल्लेख आला, 1963 साली दुसरी व 1974 साली तिसरी आवृत्ती निघाली, आणि ऑक्सफर्डचा तो कोश म्हणून ज्याला आज आपण ओळखतो त्या ग्रंथाची वंशावळ अशी तोक्योच्या एका छापखान्यापर्यंत जाऊन पोहोचते. हॉर्नबीने 1961 साली आपल्या ग्रंथांच्या उत्पन्नातून परदेशी इंग्रजी शिक्षकांच्या शिक्षणासाठी विश्वस्त निधी स्थापला, हेही येथे नमूद केले पाहिजे. कोशकारांच्या वाट्यास सहसा इतके उत्पन्न येत नाही, आणि आले तरी सुचत नाही.

हा कोश पुण्यात स्वस्त झाला तो ब्रिटिश सरकारच्या मदतीने 1960 च्या दशकाच्या आरंभी निघालेल्या अल्पमोली पुस्तकमालेमुळे. अप्पा बळवंत चौकातील दुकानांत आणि जुन्या पुस्तकांच्या ढिगांत तो सर्वत्र दिसू लागला. पण आला तेव्हा त्याला विचारले गेले ते केवळ अर्थ. पंचवीस रचनांची पाने कोरी करकरीत राहिली, मधल्या पानांच्या कडा मात्र काळ्या पडल्या. याला शाळेचे धोरणही काही अंशी कारण होते. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजीचा आरंभ आठवीपर्यंत लांबविण्यात आला, नंतर तो खाली खाली येत 2000 साली पहिलीपर्यंत पोहोचला; या चढउतारांत वाद झाले ते इंग्रजी केव्हा सुरू करावी याविषयी, कशी शिकवावी याविषयी क्वचित. हॉर्नबीचा ग्रंथ आपण विकत घेतला आणि त्याची पद्धत दुकानातच ठेवली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आता पुन्हा पवनेच्या काठी येऊ. 1980 च्या दशकात आकुर्डीच्या बजाज कारखान्याने कावासाकीशी सहकार्य केले, आणि जपानी यंत्रविद्येबरोबर जपानी शब्दही या पट्ट्यात आले: काइझेन, कानबान, गेंबा, मुदा, पोका-योके. पुढे चाकणचा माळ भरत गेला, 2013 साली तेथे ब्रिजस्टोनचा टायरचा कारखाना सुरू झाला, आणखीही जपानी उद्योग आले, आणि काळेवाडी, रहाटणी, थेरगाव येथे राहणारा मुलगा रोज सकाळी कंपनीच्या बसने जाऊन अशा माणसांच्या हाताखाली काम करू लागला ज्यांची इंग्रजीही त्याच्याइतकीच उसनी होती. हा प्रसंग भाषेच्या दृष्टीने मोठा मौजेचा आहे. जपानी व मराठी या भिन्न कुळांतील भाषा. परंतु दोहोंत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, संबंधदर्शक शब्द नामाच्या मागून येतो, आणि इंग्रजी उपपदांसारखे उपपद दोहोंतही नाही. परिणामी चुकाही जुळ्या होतात. एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करणे हे मनात धरून जपानी अभियंता ‘डिस्कस अबाउट’ म्हणतो, आणि अगदी तेच काळेवाडीचा सुपरवायझरही म्हणतो. दोघांपैकी कोणालाही ते खटकत नाही, आणि बैठक निर्वेध पार पडते. ‘इक्विपमेंट्स’ व ‘ॲडव्हायसेस’ यांचेही तेच. हॉर्नबीने न मोजता येणाऱ्या नामांवर अक्षर घातले ते नेमके अशा ठिकाणी.

येथे एक गोष्ट मात्र इंग्रजीच्या प्राध्यापकांनी लक्षात घेतली पाहिजे. प्रगत शब्दसंपत्ती कोणापाशी आहे, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. बर, चॅम्फर, ब्लोहोल, रनआउट, बॅकलॅश, चॅटर मार्क या शब्दांपैकी किती शब्द इंग्रजी साहित्याच्या पदवीधरास नेमकेपणाने समजावून सांगता येतील? काळेवाडीच्या एखाद्या सेटरला ते बोटांनी समजतात. ओरखडा, खोच, पोचा आणि उकरलेला पृष्ठभाग यांतील भेद तो इंग्रजी शब्दांत करतो आणि त्यात चूक करीत नाही, कारण चुकल्यास माल परत येतो. त्याच माणसाचा दोषनिवारणाचा तक्ता पाहावा: मूळ कारणाच्या चौकटीत ‘ऑपरेटर मिस्टेक’, उपायाच्या चौकटीत ‘ट्रेनिंग गिव्हन टू ऑपरेटर’. वर्षानुवर्षे हीच दोन वाक्ये. पाचदा ‘का’ विचारून मुळाशी जाण्याची जपानी रीत त्या तक्त्यामागे आहे, आणि प्रत्येक ‘का’चे उत्तर देण्यास लागतात ती साधी क्रियापदे: सैल झाले, घसरले, अडकले, झिजत गेले, लक्षात आले नाही. नामे त्याच्याजवळ भरपूर आहेत. साइतोने ज्यांच्यासाठी आयुष्य वेचले ते लहान शब्द त्याच्याजवळ नाहीत, कारण ते शिकवण्याजोगे आहेत असे त्याच्या शिक्षकांना कधी वाटलेच नाही.

जपानी शिकणाऱ्याची अडचण याहून थोडी निराळी. त्याच्या भाषेने हजारो इंग्रजी शब्द आपल्या लिपीत घेऊन इतके पचविले आहेत की ते शब्द आपणास येतातच असा त्याचा समज असतो. ‘कुरेमु’ म्हणजे ग्राहकाची तक्रार. तो शब्द इंग्रजी ‘क्लेम’पासून आलेला असल्यामुळे जपानी साहेब पत्रात सरळ ‘क्लेम’ लिहितो, आणि चाकणचा कारकून विम्याची किंवा पैशाची मागणी आली असे समजून तो कागद हिशेबखात्याकडे पाठविण्याची तयारी करतो. नवा शब्द शिकणे सोपे. ओळखीचा वाटणारा शब्द विसरून पुन्हा शिकणे कठीण, आणि वरच्या पायरीवरील अभ्यासाचा मोठा भाग यातच खर्च होतो.

उच्च इंग्रजीचा बराचसा भरणा लॅटिन व ग्रीक धातूंचा. तो पेलण्यासाठी जपान्याजवळ चिनी अक्षरांचे समास फोडण्याची सवय आहे; दोन अक्षरे वेगळी केली की अर्थाचा माग लागतो, ही दृष्टी त्याला शाळेतच मिळते. मराठी माणसाजवळ त्याहून जवळचे साधन आहे, ते म्हणजे संस्कृत उपसर्ग. ‘प्र’ आणि ‘प्रो’, ‘परि’ आणि ‘पेरि’, ‘अप’ आणि ‘अपो’, ‘अंतर्’ आणि ‘इंटर’ ही केवळ उच्चाराची साम्ये नसून एकाच मूळ कुळाची लेकरे आहेत. ज्याने प्रगती, परिमिती, अंतर्गत हे शब्द शाळेत शिकले, त्याच्या हाती निम्मी किल्ली आधीच आहे. आणि तरीही परीक्षेच्या तयारीची पुस्तके त्याला इंग्रजी उपसर्गांचा तक्ता असा देतात, जणू काही ती एखाद्या अपरिचित ग्रहावरची वस्तू आहे. संस्कृतचा अभिमान आणि इंग्रजीची हाव या दोन्ही गोष्टी आपल्या समाजात विपुल असताना त्यांची गाठ कोणी घालून देऊ नये, हे नवल खरेच.

पट्ट्यातील ताजा व्यवहार मात्र या सर्व चर्चेच्या पुढे चालला आहे. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे जपानीचे वर्ग दीर्घकाळ भरत आले आहेत. जपानी भाषेची जी परीक्षा 1984 साली सुरू झाली व 2010 पासून जिच्या पाच पायऱ्या झाल्या, तिला बसणारांत आता पिंपरी-चिंचवडची मुलेही असतात. त्यांच्या हाती पडणारे पाठ्यपुस्तक जपानीत असते आणि त्यावरील भाषांतराच्या व व्याकरणाच्या टिपा इंग्रजीत. म्हणून काळेवाडीचा मुलगा जपानी शिकताना कळत नकळत आपली इंग्रजीही तासून घेतो. जपानी वाक्यातील बारीक छटा दाखविण्यासाठी त्या टिपांत ‘कुड हॅव’, ‘वुड रादर’, ‘हॅपन्ड टू’ असले जे प्रयोग येतात, ते दहावीच्या पुस्तकाने त्याच्याकडून कधी करवून घेतलेले नसतात. दुभाष्याची पहिली नोकरी लागल्यावर ही मुले वही ठेवतात, आणि नवखा दुभाषी आरंभी तिच्यात शब्द लिहितो, शाळेतल्याप्रमाणेच, अर्थासह. दोन-तीन महिन्यांत, शॉपफ्लोअरवर जपानी साहेब व मराठी फोरमन यांच्या मधोमध उभे राहून दोन्हीकडची बोलणी खाल्ल्यावर, ती वही आपोआप बदलते. तीत शब्दांऐवजी सबंध वाक्ये येऊ लागतात, एकाखाली एक, तीन भाषांत: बर हाताने काढू नका, फाइल वापरा. हा दोष मागच्या लॉटमध्येही होता काय. आज संध्याकाळपर्यंत कळवितो, पण खात्रीने सांगू शकत नाही. शेवटचे वाक्य जपानीत कसे म्हणावे, जेणेकरून ते नकारासारखे ऐकू येणार नाही आणि वचनासारखेही नाही, याला वहीचे अर्धे पान जाते.